तंत्रवार्ता आणि घरचे दप्तर

तंत्रज्ञानविषयक वार्तांचे जे पान हल्ली प्रत्येक वृत्तपत्रात आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर अहोरात्र उघडे असते, ते वाचून कोणा गृहस्थाला आपल्या घरच्या संगणकाचे काय करावे याचा निर्णय करता आला, असे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. याचा दोष त्या पानाला देता येणार नाही. कारण ज्याच्या घरात चालू स्थितीतील यंत्र आहे आणि ज्याचे त्यावर समाधानही आहे, तो मनुष्य त्या पानाच्या लेखी अद्याप न वळलेला ग्राहक असतो, आणि तो वळावा म्हणून त्याच्या यंत्राला आलेले वार्धक्य त्याला वर्षातून एकदा तरी समजावून सांगणे व्यापारधर्मास अनुसरूनच आहे. तथापि याच पानाच्या एखाद्या कोपऱ्यात वर्षाकाठी दोन-चार वार्ता अशा येऊन जातात की त्यांची दखल न घेतल्यास पुढे हळहळत बसण्याची पाळी यावी. त्या निवडाव्या कशा आणि निवडल्यावर करावे काय, एवढ्यापुरतेच पुढील विवेचन आहे. नवा मोबाइल कोणता घ्यावा हे ज्यांना हवे असेल त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना तो मोबाइल कंपनीकडून फुकट आलेला असतो.

निवडीची कसोटी मी फार साधी ठेवली आहे. वार्तेत एखादी मुक्रर तारीख आहे काय, आणि त्या तारखेनंतर माझ्या कागदपत्रांपर्यंत, पैशांपर्यंत किंवा पत्रव्यवहारापर्यंत पोहोचण्यात मला अडचण येणार आहे काय, हे दोन प्रश्न विचारावे. दोहोंचे उत्तर होकारार्थी आले तर ती वार्ता कापून ठेवावी, एरवी चहाबरोबर वाचून सोडून द्यावी. तारखेच्या जागी 'लवकरच' आणि आशयाच्या जागी 'क्रांती' हे शब्द जिच्यात आले असतील, त्या वार्तेबाबत घाई करण्याचे तर काहीच कारण नसते. त्रिमितीय दूरचित्रवाणी घरोघर येणार, असे २०१० च्या सुमारास इतक्या निश्चयाने सांगितले जात होते की काळे चष्मे लावून दिवाणखान्यात ओळीने बसलेली कुटुंबे जाहिरातींतून झळकत होती. २०१७ च्या आरंभी सोनी आणि एलजी या उरलेल्या मोठ्या कारखानदारांनीही तसले संच काढणे थांबवले. फेसबुक कंपनीने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी 'मेटा' असे नामांतर करून घेतले आणि यापुढे माणसे आभासी सृष्टीत बैठका भरवतील असे भाकीत केले. नामांतर टिकले, बैठका मात्र पूर्वी जेथे भरत होत्या तेथेच भरत आहेत.

याच्या उलट एक उदाहरण सांगितले पाहिजे, नाहीतर प्रत्येक वार्ता हसण्यावारी नेणे म्हणजेच शहाणपण, असा समज व्हावयाचा. १ जानेवारी २००० रोजी जगभरचे संगणक गोंधळतील, कारण जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची काटकसर केलेली आहे, ही वार्ता तारखेसह आलेली होती. तो दिवस बहुतांशी निर्विघ्न पार पडला आणि अनेकांनी ती एक निव्वळ हूल ठरवली. वस्तुस्थिती अशी की त्यापूर्वी दोन-चार वर्षे असंख्य प्रोग्रामर मंडळी, आणि त्यांत आपल्याकडील हजारो तरुण, त्या दोन अंकांचे चार अंक करीत बसली होती, आणि भारतातील सॉफ्टवेअर व्यवसायाला परदेशात जम बसवता आला त्याचे एक कारण ते कंटाळवाणे काम होते. तारीख असलेल्या वार्तेची वेळीच दखल घेतली म्हणजे ती फुसकी ठरते, आणि दखल घेणाऱ्याला त्याचे श्रेय कोणी देत नाही.

ही कसोटी लावून पाहता अलीकडच्या काळात घरोघर लागू पडणारी वार्ता म्हणजे विंडोज १० ची मुदत संपल्याची. मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली. त्याच वर्षी कंपनीच्या एका अधिकाऱ्याने एका परिषदेत, ही विंडोजची अखेरची आवृत्ती होय, असे विधान केले होते, आणि लोकांनी त्याचा अर्थ यापुढे आवृत्ती बदलण्याचा तगादा नाही असा घेतला; त्यानंतर सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, अखेरच्या आवृत्तीची पुढची आवृत्ती आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आधीच्या आवृत्तीची सेवा बंद करण्यात आली. सेवा बंद झाली याचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा संगणक बंद पडला असा नव्हे, जरी पुष्कळ विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांचा तसा समज होऊ दिला आणि तो दूर करण्याची तसदी घेतली नाही. यंत्र पूर्वीप्रमाणेच चालते, पत्रे लिहिता येतात, सोसायटीचे हिशेब मांडता येतात. थांबते ती एकच गोष्ट. परंतु ती डोळ्यांना दिसणारी नसल्यामुळे जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

प्रणालीत राहून गेलेली छिद्रे बुजवणाऱ्या दुरुस्त्या कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. हा रिवाज २००३ पासूनचा आहे, आणि आपल्याकडे त्या बहुधा मंगळवारी रात्री किंवा बुधवारी येऊन दाखल होतात. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की छिद्र कोठे होते हेही जाणत्यांना कळते, हे ध्यानात घेतले म्हणजे ती लावून न घेणाऱ्याचा धोका दुरुस्ती निघण्यापूर्वी होता त्याहून वाढतो, हा वरकरणी विपरीत वाटणारा प्रकार उलगडतो. २०१७ साली नेमके हेच घडले. त्या वर्षीच्या १४ मार्चला एका गंभीर छिद्राची दुरुस्ती निघाली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव त्याच छिद्रातून जगभरच्या संगणकांत शिरला, लोकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला, आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांवर रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द करण्याची वेळ आली. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने तयार होती अशी. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबण्याची सवय किती महागात पडते, याचा एवढा स्पष्ट दाखला दुसरा सापडणार नाही.

तेव्हा, विंडोज १० असणाऱ्यांनी प्रथम पाहावयाचे ते हे की वाढीव मुदत आपण पदरात पाडून घेतली आहे की नाही. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची तजवीज केली, आणि त्यासाठी तीन मार्ग ठेवले: तीस डॉलर भरावे, कंपनीच्या बक्षीस योजनेतील एक हजार गुण द्यावे, किंवा यंत्राच्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीकडे ठेवू द्यावा. तिसऱ्या मार्गात पैसे पडत नाहीत. तिन्ही मार्गांना कंपनीचे खाते मात्र लागते, आणि एका नोंदणीत दहा यंत्रांपर्यंत सोय होते. भावंडांची आणि आईवडिलांची यंत्रे एकाच खात्यावर असतील तर एकाच माणसाने एका बैठकीत हे काम उरकावे. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' या पानावर आढळतो. मात्र ही वाढीव मुदत म्हणजे विचार करण्यास मिळालेली उसंत आहे, विचार टाळण्याचा परवाना नव्हे. तिच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकास दुकानदार कसे ओळखतो हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

नवे यंत्र घ्यावे की नाही, हा यापुढचा प्रश्न. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची एक सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडल्यास, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. संगणकाच्या अंगावरील चिकटपट्टीवर नुसते 'आय ५' असे छापलेले असते आणि त्यावरून कळत काहीच नाही, कारण 'आय ५' गेली पंधरा-सोळा वर्षे निघत आहे. पिढी कळते ती त्यापुढील आकड्यावरून: ७२०० असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. हा आकडा सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्याखाली 'अबाउट' येथे मिळतो, आणि तो कागदावर टिपून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. टीपीएम नाही असा निरोप यंत्राने दिला तरी लगेच हताश होऊ नये; कित्येक यंत्रांत ती सोय असते, फक्त यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पटलात ती बंद करून ठेवलेली असते, आणि इंटेलच्या यंत्रांत ती पीटीटी व एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने वावरत असल्यामुळे ओळखू येत नाही. एखादा माहितगार तरुण घरात आला की त्याच्या हातून ती चालू करून घ्यावी.

यंत्र खरोखरच जुने ठरले, तरी ते भंगारात घालण्यापूर्वी एक खर्च करून पाहण्यासारखा आहे. जुना संगणक रडतखडत चालतो याचे कारण बहुतेक वेळा त्यातील फिरती हार्ड डिस्क हे असते, प्रोसेसर नव्हे. ती काढून तेथे एसएसडी बसवली, आणि मेमरी चार जीबी असेल तर आठ केली, म्हणजे नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात ते पुन्हा चालते होते. त्यावर विंडोज ११ चालणार नसेल तर लिनक्स चालेल. हे नाव काढले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि लिनक्सवाल्यांनी तीस वर्षे केलेल्या प्रचाराचा त्या आठ्यांशी काही संबंध आहे, असे माझे मत आहे. परंतु ज्या गृहस्थाचे सारे काम ब्राउझरमध्ये, ईमेलमध्ये आणि साध्या पत्रलेखनात संपते, त्याला 'लिनक्स मिंट'सारख्या प्रणालीत चार दिवसांनंतर काही वेगळे वाटेनासे होते. पेन ड्राइव्हवर ती उतरवून, मूळ यंत्राला हात न लावता चालवून पाहता येते, तेव्हा आधी तसे करावे. देवनागरी त्यात उत्तम चालते. ज्यांच्याकडे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आहे, किंवा जे छापखान्यासाठी जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये अक्षरजुळणी करतात, त्यांनी मात्र या वाटेला जाण्यापूर्वी आपली हत्यारे तेथे चालतात का याची खातरजमा करून घ्यावी; बहुधा चालत नाहीत.

अपडेटच्या बाबतीत एक अपवादही सांगून टाकतो. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बसली, विमाने अडकली, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ज्यांनी सुरक्षेवर पैसा खर्च केला होता तेच त्या दिवशी बुडाले आणि ज्यांनी केला नव्हता त्यांचे काम बिनबोभाट चालले, या योगायोगावर पुष्कळांनी तत्त्वज्ञान रचले. पण घरगुती यंत्रांत ते सॉफ्टवेअर नसतेच, त्यामुळे आपल्यासाठी त्यातून निघणारा बोध मर्यादित आहे. दर महिन्याची सुरक्षेची दुरुस्ती आली तशी लावून घ्यावी. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र महिना-दोन महिने इतरांना वापरू द्यावी. आणि प्रवासाच्या दिवशी तिकिटाची एक छापील प्रत खिशात असू द्यावी.

आता दप्तराकडे वळू, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणात जपण्यासारखे तेवढेच आहे. यंत्र आज ना उद्या जाणार, आणि ते गेले तर दुसरे मिळते. आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण, जमिनीच्या व्यवहाराचे स्कॅन केलेले कागद, लग्नातील छायाचित्रे आणि अर्धवट राहिलेली कादंबरी यांना दुसरी प्रत नसेल तर मिळत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम येथे पुरेसा आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. संगणकावर मूळ, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि ऑनलाइन साठवणीत किंवा भावाच्या घरच्या कपाटात तिसरी, इतकी व्यवस्था कोणालाही परवडते. बाहेरची डिस्क काम होताच काढून ठेवावी. सदैव जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर विषाणूला तितकीच सोयीची असते जितकी आपल्याला.

या बाबतीत सुशिक्षितांमध्येही एक गैरसमज आढळतो, तो असा की छायाचित्रे मोबाइलवरून आपोआप ऑनलाइन जातात, सबब बॅकअप झालेलाच आहे. ती व्यवस्था बहुधा जुळवणीची असते. आरशासमोर बसून मिशी काढली तर आरशातील मिशी राहात नाही, त्याप्रमाणे मोबाइलवर पुसलेले छायाचित्र काही दिवसांनी तेथूनही पुसले जाते. शिवाय गूगलची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली, आणि आता ईमेल, छायाचित्रे व इतर फायली मिळून पंधरा जीबी एवढीच जागा फुकट मिळते. अँड्रॉइड मोबाइलवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच पंधरा जीबीत धरला जाऊ लागला, त्यामुळे सकाळी सूर्योदयावर सुविचार छापून पाठवणाऱ्या आप्तेष्टांचा स्नेह आपल्या ईमेलच्या जागेवर पडतो, आणि जागा भरली की नवीन ईमेल येणे बंद होते. बँकेचे पत्र का आले नाही याचा शोध घेत कित्येक जण बँकेत जातात. त्यांनी आधी व्हॉट्सॲपमधील 'स्टोरेज' उघडून मोठ्या चित्रफिती पुसाव्यात.

बॅकअप घेणे हे निम्मे काम. तो परत उघडून पाहणे हे उरलेले निम्मे. दसऱ्याला संगणकास हळदकुंकू वाहण्याची चाल आता घरांतून आणि कचेऱ्यांतून रूढ झाली आहे. त्या दिवशी, आणि सहा महिन्यांनी गुढीपाडव्याला, डिस्क कपाटातून काढावी, नवीन फायली तिच्यावर घ्याव्या, आणि मग दुसऱ्याच एखाद्या संगणकाला ती जोडून वेगवेगळ्या वर्षांच्या चार-पाच फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्या. नुसती नावे दिसली म्हणजे फायली शाबूत आहेत असे होत नाही. चित्रफीत असेल तर मधूनच चालवून पाहावी. पेन ड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे, त्यावर दीर्घकाळ विश्वासून राहू नये; आणि सीडी-डीव्हीडींवर ज्यांनी वीस वर्षांपूर्वी संग्रह करून ठेवला आहे त्यांनी, तो वाचणारा ड्राइव्ह ज्याच्याकडे अजून चालू आहे असा शेजारी शोधून, हे काम याच आठवड्यात करावे.

मराठी लेखकांच्या, संपादकांच्या आणि छोट्या संस्थांच्या दप्तराला आणखी एक उपद्रव आहे, आणि त्याची वार्ता कोणत्याच पानावर येत नाही. १९९० नंतरची वीसएक वर्षे आपण मराठी टंकलेखन श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत केले. त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला हे खरे, पण आपल्या टेबलावरील विंडोजला ती समजू लागली २००० नंतर, आणि छापखान्यांना त्याहूनही पुष्कळ उशिराने. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या स्मरणात मराठी अक्षर नसतेच. तेथे रोमन अक्षर असते आणि त्यावर मराठी आकृतीचा मुखवटा असतो. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी इ, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरे असतो. फॉन्ट हरवला की मुखवटा गळतो, आणि एखाद्या ग्रंथालयाची सबंध स्मरणिका, सगळे लेख, सगळी नावे, अशा निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगांत उभी राहते.

अशा फायली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तीन गोष्टी या क्रमाने कराव्यात. जोपर्यंत तो फॉन्ट असलेला एखादा संगणक चालू आहे, तोपर्यंत त्यावर फाइल उघडून तिची फॉन्टसहित पीडीएफ करून ठेवावी. तिच्यात शब्द शोधता येणार नाही, पण निदान वाचता येईल. त्या फॉन्टाची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. मग परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि आल्यावर तो मूळ पीडीएफशी ताडून पाहावा, कारण परिवर्तक ठरावीक जागी अडखळतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी टंकलेली असते व युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते, त्यामुळे जोडाक्षरांपाशी ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफार एक घर सरकतो. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्ध्या चंद्रासारखा ऱ हमखास बिघडून आचाऱ्याचा आचार्य होतो. हा ऱ युनिकोडमध्येही दोन रीतींनी लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि शोधताना मात्र एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. तेव्हा एकच रीत पक्की करून सर्वत्र तिचाच वापर करावा. मुद्रितशोधनाचा सराव असलेले निवृत्त गृहस्थ प्रत्येक गावात असतात आणि त्यांना काम नसते. त्यांना हे द्यावे.

पासवर्डविषयी फार लिहीत नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक चिन्ह व एक आकडा घाला, हा नियम २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर नावाच्या अधिकाऱ्याने लिहिला. २०१७ साली त्या संस्थेने तो मागे घेतला आणि खुद्द बर यांनीही त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या बँका आणि कचेऱ्यांपर्यंत तो खेद अद्याप पोहोचावयाचा आहे. तोवर एवढे करावे: ईमेलचा पासवर्ड लांबलचक आणि इतर कोठेही न वापरलेला ठेवावा, कारण बाकीचे सारे पासवर्ड ईमेलमधूनच बदलता येतात; त्यासाठी चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी चालतात. आणि पैशांच्या बाबतीत, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद या देशातील कोणत्याही कायद्यात नाही. आणि रक्कम गेलीच तर शरमेने दोन दिवस गप्प न बसता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांतून फिरण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत अधिक असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वार्ता सध्या सर्वांत अधिक येतात आणि वरील कसोटीला त्यांतील फारच थोड्या उतरतात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कळफलकावर तिच्यासाठी एक स्वतंत्र कळ बसवली. मे महिन्यात, संगणकाच्या पडद्याची वरचेवर छायाचित्रे घेऊन ती स्मरणात ठेवणारी 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली, आणि लोकांनी आरडाओरड केल्यावर ती लांबणीवर टाकली. आपला संगणक आपल्यावर पाळत ठेवील आणि ती सोय आहे असे समजावे, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या सेटिंग्जचे पान दर मोठ्या अपडेटनंतर एकदा वाचून काढणे हेच आपल्या हाती आहे. पत्राचा मसुदा करून घ्यायला, लांब इंग्रजी नियमावलीचा गोषवारा काढायला ही साधने उपयोगी पडतात. कलम, तारीख, औषधाची मात्रा आणि माणसाचे नाव या चार गोष्टी मात्र त्यांच्या उत्तरातून मूळ कागदाशी रुजवात घातल्याशिवाय उचलू नयेत.

शेवटचे काम कागदावरचे आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले, तेव्हा घरातील ज्या माणसाच्या खात्यात छायाचित्रे आहेत त्याच्या पश्चात ती कोणाच्या हाती जावी याची नोंद त्याने हयातीतच करावी. गूगलमध्ये 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' या नावाची सोय आहे, ॲपलमध्येही २०२१ पासून वारस-संपर्क नेमता येतो. त्याखेरीज एका कागदावर आपली ईमेल खाती, ओटीपी कोणत्या मोबाइल क्रमांकावर येतो तो क्रमांक, बाहेरची डिस्क कोठे आहे आणि घराचे इंटरनेट कोणाच्या नावावर आहे, एवढे लिहून तो कागद मृत्युपत्राबरोबर ठेवावा. पासवर्ड लिहायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या घरची माणसे पाहून ठरवावे. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की तेराव्याच्या गडबडीत सिमकार्ड बंद करू नका. बँकेतील रक्कम वारसनोंदीच्या मार्गानेच मिळते आणि मिळावी. पण वीजबिल, गॅस, विमा आणि ईमेल यांचे क्रमांक बदलून घेताना जुन्या क्रमांकावरच निरोप येतो, आणि रिचार्ज थांबून बराच काळ बंद राहिलेला क्रमांक कंपनी काढून घेऊन दुसऱ्या ग्राहकाला देते. सारी खाती बदलून होईपर्यंत सर्वांत स्वस्त रिचार्ज चालू ठेवावा.